सलामीला किती शिट्ट्या?

"ताई, किती शिट्ट्या द्यायच्या?"

फोन भोंगवलीहून होता. आदल्या दिवशी एक तरुण शेतकरी मोटरसायकलवर विंझरला येऊन आमच्याकडून अख्खा कोप्पा घेऊन गेला होता. कोप्पा म्हणजे डुकराच्या मानेचं मांस, मीठ आणि मिरी लावून चार महिने टांगून वाळवलेलं. इटलीत त्याचे कागदासारखे पातळ काप करून तसेच खातात. सासुरवाडीची माणसं जेवायला यायची होती, त्यांना काहीतरी वेगळं खाऊ घालावं असं याच्या मनात होतं.

"एकही शिट्टी नको," मी म्हटलं. "पातळ कापायचं आणि तसंच वाढायचं."

"तसंच म्हंजी, कच्चं?"

"कच्चं नाही हो, मुरलेलं."

"ताई, पावनं येत्यात जेवाय. वाघ न्हाई."

त्याने सात शिट्ट्या दिल्या. वर काळा मसाला आणि भाजलेलं खोबरं घालून रस्सा केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "मीठ टाकलंच न्हाई, तरी खारट झालं बगा. पन सासरा म्हनला, चव हाय. तांब्यावर तांब्या पानी प्याला आन् म्हनला, चव हाय." माझा चार महिन्यांचा कोप्पा कुकरमध्ये गेला याचं दुःख करावं की सासऱ्याच्या प्रमाणपत्राचा आनंद, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

वयाच्या तेहतिसाव्या वर्षी कामाच्या आठवणी लिहायला बसणं जरा आगाऊपणाचं आहे, पण या धंद्यात भोर आणि वेल्हे या दोन्ही तालुक्यांत मीच सगळ्यात जुनी आहे. मी एकटीच आहे, म्हणून. राहते भोरला, काम विंझरला. रोज स्कूटरवरून कापूरहोळ, नसरापूर आणि मग वेल्ह्याच्या रस्त्याला. हे काम मी पुण्यात एका हॉटेलात शिकले. तिथले मुख्य आचारी इटलीत दोन वर्षं राहून आले होते आणि फार कडक होते. मिठाचं वजन एका ग्रॅमने चुकलं तरी ते सगळं मिश्रण परत करायला लावत. त्या वेळी मी त्यांना मनात शिव्या दिल्या. आता तेच मी करते.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. सलामी करायची तर डुकराचं मांस आणि पाठीची टणक चरबी जाडसर दळायची. त्यात मोजून मीठ, मिरी, लसूण आणि मांस नासू नये म्हणून एक विशिष्ट खार घालायचा. हे सगळं स्वच्छ केलेल्या आतड्यात ठासून भरायचं, दोऱ्याने बांधायचं आणि दोन दिवस उबेला ठेवायचं, म्हणजे ते आतून आंबतं. मग गार, दमट खोलीत दोन महिने टांगायचं. आठवड्याला वजन करायचं. एक तृतीयांश वजन उतरलं की सलामी तयार. यात आग नाही, तेल नाही, फोडणी नाही. आमच्या भागात एवढं सांगितलं की लोक विचारतात, "मग तुम्ही नक्की करता काय?" वाट बघते. त्याचेच लोक मला पैसे देतात.

पुण्याहून शनिवार-रविवारी तोरणा बघायला येणाऱ्या गिऱ्हाइकांना मात्र वेगळं काहीतरी ऐकायचं असतं. एक जोडपं आलं होतं, त्यातल्या बाईंनी खोलीच्या दाराशी डोळे मिटून मोठा श्वास घेतला. "सह्याद्रीच्या वाऱ्यावर वाळवता ना?" मी म्हटलं, "नाही. एसीवर." त्यांचा चेहरा पडला. पण खरं ते खरं. आमच्या पावसाळ्याच्या हवेत सलामी वाळत नाही, पोहते. माझा सह्याद्री भिंतीवर बसवलेला आहे आणि वीज गेली की तो जनरेटरवर चालतो.

याच्या उलट भोरमधले एक निवृत्त साहेब. गाडी वीस पावलं अलीकडे उभी करायची, उतरून इकडेतिकडे बघायचं आणि हळूच विचारायचं, "ते आपलं इटालियन आहे का?" त्यांना ते फक्त बुधवारी आणि रविवारी हवं असायचं, आणि मिठाईच्या खोक्यात. खोकं ते स्वतः घेऊन यायचे. एकदा मी म्हटलं, "साहेब, पिशवीवर एवढं स्पष्ट लिहिलेलं असताना लपवायचं कशाला?" ते म्हणाले, "पिशवीवर लिहिलंय म्हणूनच तर खोकं आणतो."

पिशवीवर जे लिहिलंय त्यावरून माझी बरीच भांडणं झाली आहेत. माझ्या पिशवीवर सगळ्यात मोठ्या अक्षरात, मराठीत, पहिलीच ओळ आहे: 'डुकराचं मांस.' खाली सलामी, कोप्पा, काय असेल ते. दुकानदार सांगतात, ताई, 'पोर्क' लिहा ना, तेही बारीक. मी लिहीत नाही. ज्याच्या धर्मात हे वर्ज्य आहे, त्याला ते दुरून कळलं पाहिजे, हे एक कारण. दुसरं कारण असं, की हेच मांस गावकुसाबाहेरच्या चुलीवर शिजलं तेव्हा गावाने नाक धरलं. 'डुक्कर' म्हणून त्या माणसांच्या ताटाला, त्यांच्या सावलीलासुद्धा हिणवलं. आता तेच मांस परदेशी नाव लावून काचेच्या बशीत आलं की त्याच गावची माणसं मान डोलावतात. डोलवा ना. पण काय खाताय ते तुमच्या भाषेत वाचून डोलवा.

ही सवय घरातून आली. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, उभा जन्म धरणग्रस्तांची, मजुरांची, शाळेच्या फीची पत्रकं लिहीत आले. आमच्याकडे भाकरी पत्रकात बांधलेली असायची आणि मी खाताखाता ते वाचायची. अण्णांचा एक नियम होता: पहिल्या ओळीत भानगड काय आहे ते कळलं पाहिजे. जे पत्रक वाचून माणूस विचारतो "बरं, पण झालंय काय?", ते वडे बांधायला बरं. मी सलामीच्या पिशवीवर आणि प्रत्येक पिशवीत टाकायच्या चिटोऱ्यावर तोच नियम लावला. कसं कापायचं, कशाबरोबर खायचं, शिट्टी का द्यायची नाही, सगळं त्या चिटोऱ्यावर आहे. ओळखी-अनोळखी हजार माणसांना मी समजावून सांगितलं. ज्या एका माणसाला सांगायला हवं होतं तिला सोडून.

ती म्हणजे हिरामावशी.

मावशी विंझरच्याच. साठीच्या आतबाहेर, शेतकरी घरातल्या. नवरा गेलेला, घरात मुलगा आणि बारावी शिकलेली सून. हात असा की आतड्यात मांस भरून दोरा बांधायला लागल्या की गाठ न गाठ सारखी. बोकडाचं मटण आवडीने खायच्या, पण डुकराचं नाव त्यांच्या घरात निघत नसे. कामाला लागताना त्यांनी माझ्याकडून एक गोष्ट कबूल करून घेतली होती. "घरी म्या लोनच्याचा कारखाना म्हनून सांगितलंय. तू कुटं बोलू नगं. कळलं तर चुलीपाशी येऊ द्यायचे न्हाईत मला." मग त्या रोज संध्याकाळी मागच्या नळावर आंघोळ करून, लुगडं बदलून घरी जायच्या. पिशवीवर ढळढळीत 'डुकराचं मांस' छापणाऱ्या मला हे पटत नव्हतं. पण ते त्यांचं घर होतं, माझी पिशवी नव्हती. मी गप्प राहिले.

मावशी आत भरायचं, बांधायचं काम करायच्या. वाळवणाच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असायची आणि तिथे मी कुणालाच जाऊ देत नसे. आठ महिने त्या दाराच्या अलीकडे होत्या. पलीकडे काय होतं ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

त्या वर्षी पुण्यातल्या एका हॉटेलच्या शेफने दिवाळीसाठी आमची सलामी मागितली होती. एवढी मोठी मागणी आमच्याकडे पहिल्यांदाच आली होती. साठ सलाम्या टांगल्या होत्या, चार आठवडे झाले होते. घटस्थापनेच्या आधी शेफ स्वतः माल बघायला येणार होता. त्याच्या दोन दिवस आधी मला परवान्याच्या कागदांसाठी पुण्याला मुक्कामी जावं लागलं. वीज गेली तर कुणीतरी जनरेटर बघायला हवं, म्हणून मी पहिल्यांदाच खोलीची किल्ली मावशींना दिली. जाताना म्हटलं, "शेफ येणार आहेत, मावशी. खोली अगदी स्वच्छ असू द्या."

ते दिवस पितृपंधरवड्याचे. आमच्याकडे घट बसायच्या आधी घरोघरी दसरा काढतात. घरातली गोधडी न् गोधडी, भांडं न् भांडं, वरच्या फळीवरचे डबेसुद्धा बाहेर निघतात, धुतले जातात आणि उन्हात पडतात. नदीकाठ गोधड्यांनी झाकून जातो. जिचं घर धुवायचं राहिलं तिला आळीत तोंड दाखवायची सोय नसते.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मी परत आले. स्कूटर लावताना वर बघितलं तर गच्चीवर मावशी बाजेच्या कडेला बसलेल्या, हातात कावळे हाकायची काठी. दोन बाजांवर जुनी लुगडी अंथरलेली आणि त्यावर ओळीने माझ्या साठ सलाम्या. पिवळ्याधमक.

"आलीस व्हय?" मावशी खुशीत होत्या. "खोलीचा दसरा काढला बग. लादी, भिंती, सगळं धुतलं. आन् ह्या समद्यांवर ही पांडरी बुरशी! त्यो शेफ काय म्हनला असता? कढत पान्यात हळद घालून एकेक चोळून काढली. आता ऊन खाल्लं की झालं."

सलामीवरची ती पांढरी बुरशी मी मुद्दाम वाढवलेली असते. तिचा थर सलामीचं रक्षण करतो, वाईट बुरशीला जागा देत नाही, आतलं पाणी हळूहळू सोडतो. तिच्यामुळेच वास येतो, चव येते. आणि गरम पाणी, ऊन या दोन गोष्टींपासून सलामीला जपायचं असतं. मावशींनी दोन्ही दिल्या होत्या, वरून हळद.

मी काय बोलले ते लिहायला आजही जड जातं. शहाण्यासारखं विचारायचं सोडून मी ओरडले. "हे काय तुमचं लोणचं आहे का, मावशी? डुक्कर आहे हे! डुकराचं मांस आहे!"

आमची गच्ची रस्त्यालगत आहे. खालून गवताचे भारे घेऊन दोन बायका चालल्या होत्या. दोघींनी वर पाहिलं. मावशींनी पदर ओढून घेतला, काठी भिंतीला टेकवली आणि जिना उतरून गेल्या. त्या दिवशी नळावर न थांबता.

सलाम्या मी खाली आणल्या, क्रेटमध्ये ठेवल्या आणि त्यांच्याकडे बघत बसले. आपण जे लपवून ठेवायला कबूल झालो होतो ते आपणच गच्चीवरून गावाला सांगितलं, तेही सत्य म्हणून नाही, शिवी म्हणून. ज्या शब्दासाठी मी दुकानदारांशी भांडत आले तो शब्द मी एका म्हाताऱ्या बाईच्या अंगावर फेकला होता.

सकाळी नऊला मावशी आल्या. मी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हटलं, "मी चुकले."

"व्हय. चुकलीस."

"घरी काही...?"

"त्या दोगी खालच्या आळीच्या. आज न्हाई तर उद्या पोचंल घरला." त्यांनी बशी खाली ठेवली. "त्ये मागनं बगू. आदी मला सांग, म्या वाईट काय केलं?"

मग मी सांगितलं. जीवाणू, बुरशीच्या जाती, दमटपणा, आम्लता. पाच मिनिटं बोलले. मावशी ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हंजी इरजन हाय त्ये."

"काय?"

"इरजन गं. दुदाला लावतो त्ये. भांडं घासून टाकलं तर दही लागंल का? आमी काय येड्या हाय व्हय, इरजनाचं भांडं घासाय?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "येवडं सोपं हुतं, तर आदी का न्हाई सांगितलंस? आट महिनं झालं. गिऱ्हाइकास्नी कागूद देतीस. मला यक दिला न्हाईस."

पत्रकांच्या घरात वाढलेली मी कामगाराला काही समजावून सांगायचं असतं हेच विसरले होते. मालक झाल्यावर माणूस हे किती पटकन विसरतो, यावर अण्णांनी एक पत्रक नक्की लिहिलं असतं.

दुपारी शेफ आला. तिशीतला, उत्साही. क्रेटकडे नजर गेली आणि तो थबकला. "हे काय? टर्मरिक?"

"धुतल्या गेल्या आहेत," मी म्हटलं.

"मॅडम, हे जबरदस्त आहे! 'वेल्ह्याच्या हळदीत न्हालेली सलामी'. काय स्टोरी आहे! मेन्यूवर अशीच लिहितो. सगळ्या घेतो, भाव वाढवून."

खोटं सांगणार नाही, एक क्षण मला वाटलं, देऊन टाकावं. चार आठवडे आणखी टांगल्या असत्या, तर वरून कुणाला काही कळलं नसतं. मावशी दारात उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या.

मी सुरी घेतली आणि एक सलामी मधोमध कापली. कडेला बोटभर काळपट, टणक कडं. आत मऊ, ओलं, गिचगिच. "बाहेरून उन्हाने आवळली," मी सांगितलं. "आता आतलं पाणी बाहेर यायला वाट नाही. ते आतच नासणार. यातली एखादी चांगली निघेलही. कुठली, ते मला सांगता येणार नाही. म्हणून एकही देणार नाही."

शेफने तुकडा हातात घेऊन दाबला, वास घेतला. "मग दिवाळीला मी काय वाढू? हे असं केलं कुणी?"

मी तोंड उघडायच्या आत मावशी पुढे आल्या. "म्या केलं. दसरा काढला. हिला काय बोलू नगा, ही हितं नव्हती."

"दसरा?" शेफ गोंधळला.

"त्ये तुमाला कळायचं न्हाई. वर बगा." मावशींनी खोलीत बोट दाखवलं. सगळ्यात वरच्या दांडीवर आठ कोप्पा टांगलेले होते, पिठात घोळल्यासारखे पांढरे. "त्यो माल चांगला हाय. माजा हात पोचला न्हाई म्हनून राहिला."

शेफ हसत सुटला. मग त्याने त्या पांढऱ्या थराबद्दल विचारलं आणि मावशींनी त्याला विरजणाची गोष्ट एका वाक्यात सांगितली, जी मला पाच मिनिटांत जमली नव्हती. त्याने आठही कोप्पा घेतले. सलामीची मागणी मात्र रद्द केली, आणि ते बरोबरच होतं. त्या दिवाळीला त्याच्या हॉटेलात दुसऱ्या कुणाची तरी सलामी होती. आमच्या साठ सलाम्या आम्ही दोघींनी मागे खड्डा खणून चुना टाकून पुरल्या. मावशींनी वरून माती ओढताना मान फिरवली होती. मीही फिरवली.

दुसऱ्या दिवशी मी पत्रक लिहिलं. मावशींसमोर बसून, मोठ्या अक्षरात, अण्णांच्या नियमाने.

'या कारखान्यात डुकराच्या मांसाची सलामी करतात. तिच्यावरची पांढरी बुरशी म्हणजे तिचं विरजण. ती पुसू नये, धुऊ नये, उन्हात घालू नये. काळी किंवा हिरवी दिसली तर लगेच सांगावं.'

मावशींनी बोट ठेवत सावकाश वाचलं. "ह्यात ल्ही: दसरा काढू नये."

मी लिहिलं. नसरापूरहून झेरॉक्स काढून आणली आणि एक प्रत खोलीच्या दारावर चिकटवली. किल्ली मावशींच्या कमरेला अडकवली. संध्याकाळी त्या नळावरून आल्या आणि हात पुढे केला. "आनि यक दे."

"कशाला? दारावर आहे की."

"घरला नेती. दुसऱ्याच्या तोंडनं कळन्यापरीस आपल्या हातानं दिल्यालं बरं. सून शिकल्याली हाय, वाचंल."

मी पहिल्या ओळीकडे बघितलं. "मावशी, पहिल्याच ओळीत..."

"वाचलंय म्या." त्यांनी कागद घडी घालून कनवटीला खोचला आणि रस्त्याला लागल्या.

सकाळी नऊ वाजले, मावशी नाहीत. सव्वानऊ झाले. मी मांस दळायला घेतलं आणि तीनदा दाराशी जाऊन आले. साडेनऊला त्या दिसल्या, नेहमीच्याच चालीने. आत आल्या, चप्पल काढली, हात धुतले. मला धीर निघेना.

"वाचलं सुनेने?"

"वाचलं. दोनदा."

"मग?"

मावशी हातमोजे चढवत होत्या. एकेक बोट नीट बसवलं आणि मग म्हणाल्या, "कागूद घडी करून फळीवर ठिवला. मंग इचारती, आत्याबाई, त्येला शिट्ट्या किती द्याच्या?"